गिअरबॉक्सचं भांडण टाकून गेलास

उत्तम, तुझ्या दिवसांच्या जेवणाला मी आलो, पण जेवलो नाही. शेवंतावहिनींनी दोनदा ताट वाढून पाठवलं, मी दोनदा परत केलं. तांड्यातली माणसं आपसात म्हणाली, मिस्त्रीला लई लागलंय. लागलंय, ते खोटं नाही. पण ताट परत केलं ते रागाने. तुझ्या नावाचा घास गिळून मोकळं व्हावं इतका मी अजून निवळलो नाही, आणि लवकर निवळेन असं वाटतही नाही.

इथे वारंगा फाट्याला माझ्या गॅरेजात तुझी जीप त्या दिवसापर्यंत तशीच उघडी पडली होती. बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं, इंजिनाची जागा रिकामी, सीट बाहेर. टेम्पोचं डिझेल इंजिन लोखंडी घोडीवर चढवून ठेवलेलं. त्याच्या डाव्या अंगाला जीपचा जुना गिअरबॉक्स, उजव्या अंगाला टेम्पोचा. सकाळी शटर वर केलं की पहिलं तेच दिसायचं. गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री, ही कोनाची?" मी म्हणायचो, "एका गाढवाची." खरं म्हणजे दोन गाढवांची.

आपलं भांडण बाहेरच्या माणसाला सांगायला गेलो तर तो हसेल. जीपचं पेट्रोल इंजिन तिसऱ्यांदा बसलं तेव्हा आता डिझेल टाकायचं हे आपण दोघांनी मिळून ठरवलं. नांदेडच्या भंगारात एका उलटलेल्या टेम्पोचं इंजिन मिळालं. ते चालू करून तू त्याला कान लावून उभा राहिलास, डोळे मिटलेस, आणि म्हणालास, "हेच." तिथपर्यंत सगळं ठीक होतं. अडलं ते गिअरबॉक्सवर. जीपच्या जुन्या गिअरबॉक्सच्या शेपटाला दुसरी एक छोटी पेटी चिकटलेली असते. ती पुढच्या चाकांना ओढ देते, म्हणून आपण तिला फोर-व्हीलची पेटी म्हणतो. जुना गिअरबॉक्स ठेवला तर ती पेटी राहते, पण त्याच्याबरोबर तो जुना क्लचही राहतो, मांडीला गोळे आणणारा. टेम्पोचा गिअरबॉक्स घेतला तर पाच गिअर मिळतात, तेलावर चालणारा हलका क्लच मिळतो, पण त्याच्या शेपटाला ती पेटी बसत नाही. म्हणजे पुढची चाकं नुसती गडगडायला. मी म्हणत होतो जुना. तू म्हणत होतास टेम्पोचा. एवढंच भांडण होतं.

आणि त्यापायी तुझ्या मालकीची गाडी असून तू खाटेवर गेलास. तुला श्वास घेता येईना त्या सकाळी चार माणसांनी खाट खांद्यावर घेऊन तुला चढावरून खाली डोंगरकड्याच्या सडकेपर्यंत आणलं. दीड तास लागला. तुझ्या जीपने तो रस्ता पंधरा-वीस मिनिटांचा होता. हे मी कोणाला सांगू? ज्या माणसाने दहा वर्षं अख्ख्या तांड्याचे आजारी, बाळंतिणी, पडलेले, झडलेले त्या चढावरून खाली आणले, त्याच्यासाठी गाडी नव्हती, कारण गाडी माझ्या गॅरेजात तुकडे होऊन पडली होती.

तू पहिल्यांदा माझ्याकडे आलास तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आपण परभणीत होतो. मिलिटरीच्या लिलावातली जीप घेऊन येताना वाटेतच बंद पडली, म्हणून तू तिला बैल जुंपले होतेस. जीपमध्ये स्टेअरिंगवर तुझा भाऊ बाबू, पुढे बैलांचा कासरा धरून तू. फाट्यावरची सगळी हॉटेलं बाहेर येऊन बघत होती. मी म्हणालो, "अरे, ही घ्यायला तुला सांगितलं कोनी?"

तू कासरा खाली टाकलास आणि म्हणालास, "मिस्त्री, माझ्या आज्यापाशी शंभर बैल व्हते. मीठ, धान, काय वाट्टेल ते लादून रान तुडवत जायचा. माझ्यापाशी हे एकच हाय, तेबी बसलं. उठवून द्या."

मला तेव्हाच तू आवडला होतास. हे तुला कधी म्हटलं नाही. आपल्यात तसलं काही म्हणायची पद्धत नव्हती, शिव्या द्यायची होती.

निवडणुकीची ती दुपार आठवते? पाऊस चार दिवस लागून राहिला होता आणि तांड्यावरचं मतदानाचं यंत्र खाली आणायचं होतं. मी नेमका तुझ्या गाडीचा आवाज तपासायला बरोबर आलो होतो. मागच्या सीटवर तो साहेब, मांडीवर यंत्राची पेटी कवटाळून. ओढ्याच्या अलीकडे काळी माती अशी फुगली होती की चालणाऱ्याची चप्पल राहायची मागे. तू पुढची चाकं जोडलीस, सगळ्यात खालचा गिअर टाकलास, आणि गाडी मुंगीच्या पावलाने चालायला लागली तसा दार नसलेल्या बाजूने खाली उतरलास. गाडी आपोआप चालते आहे आणि तू चिखलातून तिच्या शेजारी पायी, एक हात स्टेअरिंगवर. साहेबाने बोंब मारली, "अहो ड्रायव्हर! ड्रायव्हर कुठं चालले?" तू म्हणालास, "इथंच हाय साहेब. तिचं वझं कमी करून राहिलो." मी इतका हसलो की मला चिखलात बसावं लागलं. तुझ्या त्या फोर-व्हीलच्या पेटीवर मी स्वतः तीनदा बेअरिंगं बदलली, कारण त्या पेटीत तुझा जीव आहे हे मला माहीत होतं.

म्हणून तर मला कळेना. हाच माणूस येऊन म्हणतो, पेटी काढून टाका, मला टेम्पोचा गिअरबॉक्स बसवा? मी आधी समजलो चेष्टा करतोय. मग तू कारणं सांगायला लागलास आणि रोज कारण बदलायला लागलास. एक दिवस म्हणालास, तेलाचा खर्च कमी होईल. दुसऱ्या दिवशी म्हणालास, सडक होऊन राहिली आता, फोर-व्हील लागते कुठं? सडक! त्या सडकेची खडी तीन वर्षं ओढ्याच्या काठी ढिगाने पडून होती आणि तिच्यावर शेळ्या बसत होत्या. मी हे म्हटलं तेव्हा तू तिसरं कारण काढलंस. "आमच्याकडं जोडीतला एक बैल विकत न्हाईत, मिस्त्री. संगं राबलेली जोडी फोडत न्हाईत. हे इंजिन अन् हा गिअरबॉक्स एका गाडीत राबलेत. तुमी एकाला ठेवून दुसऱ्याला हाकलून राहिले. पाप लागल."

"लोखंडाला पाप लागतं व्हय?" मी म्हणालो.

"लोखंडाला न्हाई. फोडणाऱ्याला."

यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. पण आठवण ठेव, त्या दिवशी तू हसला नाहीस. एरवी माझ्या शिवीला तुझी शिवी ठरलेली. त्या दिवशी तू टेम्पोच्या गिअरबॉक्सजवळ उकिडवा बसलास, त्याच्याबरोबर आलेल्या क्लचच्या पायट्यावर हात ठेवलास आणि तळव्याने तो दाबून पाहिलास. एकदा, दोनदा, तीनदा. मला वाटलं, नवीन खेळणं बघतोय.

मग भांडण मिटेना तेव्हा तू ते तांड्याच्या नायकांपुढे नेलंस. मी आजही म्हणतो, हे डोकं फक्त तुझंच असू शकतं. जमिनीचा बांध, सोयरीक, मोडलेलं लग्न यांच्यासाठी जी पंचाची बैठक बसते तिच्यापुढे तू गिअरबॉक्स मांडलास. तुझं म्हणणं असं की गाडी जरी उत्तमची असली तरी चढते-उतरते सगळा तांडा घेऊन, तेव्हा तांड्याने ठरवावं. लिंबाच्या पारावर नायक, चार म्हातारे, तू आणि मी. आमच्या बुद्धवाड्यातली माणसं मला हसली, की मिस्त्री आता गिअरबॉक्सचा खटला लढायला चालला. मी गेलो, कारण माझी बाजू खरी होती आणि ती खरी आहे हे मला चारचौघांत ऐकायचं होतं.

नायकांनी दोघांचं ऐकलं. म्हातारा हुशार. त्याला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण माणसातलं कळत होतं. म्हणाला, "मला दिसून राहिलंय की दोघंबी पुरं बोलंनात. दोघं मिळून एक सांगा. तवर तिला कोनी हात लावू नका." ही त्या तांड्याची रीत. वादातल्या जिनसेला वाद मिटेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, ना धन्याने, ना दुसऱ्याने. शेत असेल तर पडीक राहतं, बैल असेल तर तिसऱ्याच्या दावणीला. तुझी जीप माझ्या गॅरेजात राहिली.

दोघंबी पुरं बोलंनात. तो म्हातारा पहिल्याच दिवशी बोलला होता, आणि आपण दोघांनीही तोंड वेंगाडून दुसरीकडे बघितलं.

सहा आठवडे, उत्तम. तू दर दोन-चार दिवसांनी एसटीने यायचास, कधी वहिनीही बरोबर असायच्या. फाट्यावर उतरून गॅरेजपर्यंत चालत यायला तुला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात माझा चहा थंड व्हायचा. मधे पिंपळापाशी थांबून बिडी पेटवायचास. मी गॅरेजातून बघायचो आणि मनात म्हणायचो, बघा कसा ऐटीत येतोय, घाई कशाची नाही. ती बिडी तू ओढत नव्हतास. नुसती बोटांत धरून उभा राहायचास, ती विझली की पुढे निघायचास. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही. इंजिनात कुठल्या सिलिंडरचा ठोका चुकतोय हे रस्त्यावरून सांगणारा मी.

कळमनुरीच्या बाजारात तर मी हद्द केली. मी गॅरेजसाठी पाने आणायला गेलो होतो, तू बियाण्याच्या दुकानासमोर चार माणसांत उभा होतास. कोणीतरी विचारलं, "उत्तमराव, जीप कधी निघून राहिली?" तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "मिस्त्रीला इचारा, त्यांचा हट्ट मोठा." माझं डोकं सटकलं. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "हट्ट न्हाई. याच्यात आता चढ चढायची हिंमत राह्यली न्हाई. याला लग्नाच्या वराती ओढायच्यात. बॅंडवाल्याच्या मागं मागं जाणारा ड्रायव्हर झालाय हा." लोक हसले. तूही हसलास, तुझं ते वाकडं हसू. मग वळलास आणि चालायला लागलास, आणि वीस पावलांवर थांबून बिडी पेटवलीस.

त्यानंतर तू गॅरेजला आला नाहीस. मीही निरोप धाडला नाही. आठ दिवस मी तुझ्या येण्याची वाट बघत होतो ते फक्त भांडण पुढे चालू करायला.

नवव्या दिवशी काळी-पिवळी येऊन फाट्यावर थांबली आणि बाबू ओरडत खाली उतरला. डोंगरकड्याहून तुला कळमनुरीला नेत होते. मागच्या बाकड्यावर वहिनींच्या मांडीवर तुझं डोकं. मी हातातला पाना टाकून तसाच चढलो, तुझे पाय मांडीवर घेतले. तुझे ओठ काळेनिळे झाले होते. गाडी हलली तेव्हा तू मान वळवून गॅरेजकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. आणि काय म्हणालास? म्हणालास, "मिस्त्री, वराती ओढणारा चालला बघा."

एवढी हवा छातीत होती ती तू माझी खोड काढायला खर्च केलीस. याबद्दल मी तुला माफ करणार नाही. मला एक शब्द बोलू दिला नाहीस. बाळापूर यायच्या आत तू गेलास. मी तुझ्या पायांवर ग्रीसचे हात ठेवून बसलो होतो आणि बाबू ड्रायव्हरला ओरडत होता, अजून दाब, अजून दाब.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. माझ्या समाधानासाठी म्हणाले असतील. मला ते समाधान नको. मला एकच गोष्ट दिसते. तो उन्हाळ्याचा दिवस होता. महिनाभर थेंब नव्हता. चढ कोरडा ठणठणीत, ओढ्यात धूळ. त्या दिवशी फोर-व्हील लागतच नव्हती. माझ्या म्हणण्याप्रमाणे जोडलेली जीपही तुला खाली घेऊन आली असती आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे जोडलेलीही आली असती. ज्या पावसाच्या नावाने आपण दोघं सहा आठवडे एकमेकांचे गळे धरून बसलो होतो, तो पाऊस अजून महिनाभर लांब होता.

मग चौथ्या दिवशी वहिनी गॅरेजला आल्या. बाबू बरोबर होता, तो बाहेर थांबला. त्या आत आल्या, जीपकडे पाहिलं, दोन गिअरबॉक्सकडे पाहिलं आणि पदरातून एक मोठा कागद आणि एक्सरेचा काळा फोटो काढून माझ्यापुढे धरला. नांदेडच्या दवाखान्याचा कागद. चार महिन्यांपूर्वीचा.

"वाचा," म्हणाल्या. "मला वाचता येत न्हाई, पर काय लिवलंय ते ठावं हाय. काळजाची झडप खराब. अवजड काम बंद. डाक्टरानं इचारलं, काम काय करता? त्यांनी सांगितलं, गाडी चालवतो. डाक्टर म्हनाला, हलकी चालवा, पायाला जोर लागल अशी नको."

मी कागद हातात धरून उभा राहिलो. पायाला जोर लागल अशी नको. तुला हलका क्लच हवा होता. बस. तेल नको, सडक नको, बैलांची जोडी नको, पाप नको, पुण्य नको. चढावर त्या जुन्या क्लचला एका फेरीत शंभर वेळा लाथ घालायची, पहिल्या गिअरला दोन-दोनदा दाबायचा, आणि खाली येईपर्यंत तुझा श्वास संपत होता. तुझ्या लाडक्या पेटीचा बळी द्यायला तू तयार झालास, कारण गाडी सोडायला तू तयार नव्हतास. हे एक वाक्य होतं, उत्तम. 'मिस्त्री, मला दम लागतो.' चार शब्द. गॅरेजात येऊन बसायचास, माझा चहा प्यायचास, माझ्या आईवरून शिव्या द्यायचास, आणि हे चार शब्द तुझ्या तोंडून निघाले नाहीत. दहा वर्षांत मी तुला अडचणीत टाकलं होतं कधी? मी काय गावभर डांगोरा पिटला असता? की तुला वाटलं, मिस्त्री कीव करील? केली असती कीव. एक दिवस केली असती आणि दुसऱ्या दिवशी तुला पुन्हा गाढव म्हटलं असतं.

त्या दिवशी मी वहिनींच्या देखत तुझ्या जुन्या गिअरबॉक्सला लाथ मारली. अंगठ्याचं नख काळं पडलंय अजून.

इथपर्यंतचा राग तुझ्यावरचा. आता पुढचं ऐक, हे मी अजून स्वतःशीही धड बोललो नव्हतो.

तिसरा रस्ता होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. फोर-व्हीलची पेटी गिअरबॉक्सला चिकटूनच पाहिजे असं काही नाही. मिलिटरीच्या मोठ्या ट्रकमध्ये ती वेगळीच असते, मी तरुणपणी तसले ट्रक खोललेत. टेम्पोचं इंजिन, टेम्पोचाच गिअरबॉक्स, म्हणजे तुझा हलका क्लच. त्याच्या मागे हातभर जागा सोडून चेसिसला आडवा बार टाकायचा, त्याला पेटी स्वतंत्र टांगायची, आणि दोघांच्या मधे एक छोटा शाफ्ट. जीप आखूड असल्याने शाफ्ट फार आखूड येतात, कोन साधायला जिकिरीचं, लेथवाल्याकडे दहा खेपा. पंधरा-वीस दिवसांचं किचकट काम. पण होतं. तुझं तुला मिळालं असतं, माझं मला.

मी का बोललो नाही? आधी कामाच्या कंटाळ्याने, हे खरं. पण तो कंटाळा दोन दिवसांत गेला असता. पुढे मी बोललो नाही कारण बोललो असतो तर तू जिंकला असतास. टेम्पोचा गिअरबॉक्स बसला असता, आणि फाट्यावरच्या हॉटेलात तू सांगत फिरला असतास की बघा, मिस्त्रीला माझ्याच म्हणण्यावर यावं लागलं. मला आधी तुझ्या तोंडून हवं होतं, की मिस्त्री, तुमचं बराबर. मग मी खिशातून काढल्यासारखा हा तिसरा रस्ता तुला दिला असता, उपकार केल्यासारखा. नायकांच्या पारावर बसूनही मी तो गिळला. पंचांपुढे, त्या म्हाताऱ्याने माझ्या डोळ्यात बघून विचारलं तरी.

तू तुझं काळीज लपवलंस, मी माझा शाफ्ट. आणि गाडी उघडी राहिली.

जेवणाच्या दिवशी पानं उठल्यावर नायकांनी मला पारावर बोलावलं. म्हणाले, "वादातला एक गेला म्हंजी वाद सरला. रीत अशी हाय की मागं ऱ्हायला त्याचं म्हणणं चालतं. मिस्त्री, आता तुमच्या परमानं करा. पावसाच्या आत गाडी पाहिजे. बाबू चालवील."

म्हणजे मी जिंकलो. तुझ्या मरणाने भांडण जिंकलो. माझ्या डोक्यात जी आग गेली ती मी तुला काय सांगू! मी उभा राहिलो आणि सगळ्यांपुढे ते सांगून टाकलं. तिसरा रस्ता, वेगळी टांगलेली पेटी, सगळं. मला ठाऊक होता आणि मी दाबून ठेवला, हेही सांगितलं. मला वाटलं बाबू अंगावर येईल. यायला हवा होता. तो खाली मान घालून बसला. वहिनी दाराशी भांडी घासत होत्या. त्यांनी हातातली पितळी खाली ठेवली.

"त्यांचं दुखनं मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमी गॅरेजात भांडून राहिले तवा मी कितींदा संगं आले. तुमाला दोघाला च्या आणून दिला. एकानं तरी इचारलं का, शेवंता, तुला काय वाटतं? मी सांगितलं असतं की. मला कोनी इचारलंच न्हाई."

मी उठलो आणि फाट्यापर्यंत चालत आलो, एसटीची वाट न बघता.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलोय. टेम्पोचा गिअरबॉक्स इंजिनाला जोडला. तुझी जोडी फोडली नाही, बघ. आडवा बार वेल्डिंग करून घेतला. पेटीच्या तोंडाला स्वतंत्र बेअरिंग बसवायला लेथवाल्याकडे सहा खेपा झाल्या, सातवीला तो माझ्यावर ओरडला, मी त्याच्यावर. सध्या मी सगळ्यांवर ओरडतो. बायको म्हणते, "उत्तमभाऊचा राग आमच्यावर काहून काढून राहिले?" तिला काय सांगू.

काल वहिनी आणि बाबू काम कुठवर आलंय ते बघायला आले होते. वहिनी जीपच्या सांगाड्यात बसल्या, क्लचवर तळहात ठेवून दाबला. सहज गेला खाली. बाबूने पायाने दाबून पाहिला आणि हसला, म्हणाला, "हे तर काहीच न्हाई." बाबूचं वय पंचविशीचं, रोज पहाटे तांड्याच्या विहिरीवरून दोन्ही हातांत पाण्याचे डबे घेऊन पळत चढणारं पोरगं. जुना क्लच त्याच्या पायाला खेळ वाटला असता. सोपं, जुनं, माझंच म्हणणं बसवलं असतं तर जीप आतापर्यंत तांड्यावर पोचली असती.

वहिनींना ते कळलं. त्यांनी मला बाजूला बोलावून हळूच विचारलं, "भाऊ, बाबूच्या पायात लई ताकद हाय. मग हे हलकं करायची तकलीफ कोनासाठी करून राहिले?"

मी पाना शोधायच्या निमित्ताने जीपखाली शिरलो आणि बऱ्याच वेळाने बाहेर आलो, तोवर ते दोघं गेले होते.

तुला सांगतो. हे तुझ्यासाठी करतोय. तू जिवंत होतास, पिंपळाखाली उभा होतास, तेव्हा मी हे रागाने दिलं नाही. आता रागानेच देतोय. आखूड शाफ्ट बसलाय, कोन साधलाय, पेटी टांगलीय, क्लच एका बोटाने दाबला जातो. एकही बोल्ट ढिला ठेवलेला नाही. नको असेल तुला, तर ये. इथे फाट्यावर उतर, हळूहळू चालत ये, लागेल तितक्या वेळा थांब, आणि माझ्या तोंडावर सांग की नको.